रुमाल टाकलेली जागा

केदारखेड्याला जालन्याची एसटी वळते न वळते तोच धर्मराज सर धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचे. जालन्याहून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकांचा तसा कायदाच होता — रुमाल पडला, जागा ठरली. जूनमध्ये शाळेत नव्यानं आलेल्या सरांचा पहिला रुमाल पडला तो त्याच शाळेतल्या शिवकन्याबाईंसाठी.

"बसा ना, बाई..."

त्या तीन शब्दांपेक्षा डोळेच जास्त बोलून गेले. ती लाजली. आणि ती जागा तिनं एका लेकुरवाळीला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला. नंतर तर धडधाकट माणसालासुद्धा!

दिवाळीनंतर तोच रुमाल शाळेतल्याच बेबीनंदाबाईंसाठी पडू लागला.

बेबीनंदा खुशाल बसायची. पर्समधून चिक्की काढून सरांना द्यायची. सर हसायचे. वरच्या दांडीला धरून उभी शिवकन्या मान फिरवायची. आपल्याला काय त्याचं, असं ती मनाला बजावायची... आणि पुन्हा तिकडंच बघायची.

एके दिवशी बेबीनंदा आलीच नाही. परतीच्या गाडीत रुमालाची जागा रिकामी.

"काय झालं त्यांना?" शिवकन्येनं सरांना विचारलं.

"काही न्हाई. अंग जड वाटून राह्यलं म्हणे. रजा टाकली."

"एवढ्यासाठी रजा?"

"रजा एवढ्यासाठीच असती, बाई."

"बराबर. त्यांचं तर तुम्हाला सगळंच पटतं!"

शब्द निसटला होता. सर हसले नाहीत.

"रुमाल आधी कुणासाठी पडत होता? तुम्हीच वाटून टाकला की गाडीभर. का बसत न्हाई तुम्ही?"

खिडकीबाहेर बघत ती हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात आई गेली. सकाळची शाळा करून दवाखान्यात गेल्ते. उशाशी बसले... जरा डोळा लागला. उघडला, तेव्हा —"

वाक्य तिनं अर्धंच सोडलं. "तेव्हापासून मला बसवतच न्हाई."

"तुमच्या वर्गातली पोरगी," सर म्हणाले, "आजारी आईपाशी जागून आली अन् बाकावर झोपली, तर छडी घेता?"

"काहीतरीच! झोपू देते."

"मंग? शिवकन्याबाईलाच तेवढी छडी?"

तिचे डोळे भरून आले.

"मी दमलेय, सर."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बसली. राजूरला गर्दी चढली, तशी सवयीनं उठायला गेली... आणि बसून राहिली. सर शेजारी उभे, गर्दी पाठीवर झेलत.

"सर..."

"बोला."

"बेबीनंदाबाई उद्या आल्या, की त्यांना मागं बसवा. एकदम मागच्या सीटवर."

सर एवढ्या मोठ्यानं हसले, की कंडक्टरनं वळून पाहिलं.

"हसू नका. खरंच सांगून राह्यले," ती म्हणाली. "मला बघवत न्हाई."