नऊ कडव्यांनंतर

दुपारी दोनला क्रातो गावातली दुकानं उन्हापायी बंद होत आणि झुल्मिराच्या पुढच्या खोलीत चौकडीची तालीम सुरू होई. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि झुल्मिराचा चेलो. मागच्या खोलीत तिची आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून तालीम इथेच. आईशिवाय झुल्मिराला घरात कुणी नव्हतं. आई जाणार, हा विचार ती मनाला शिवूही देत नसे.

पहिलं व्हायोलिन एउरिकोचं आणि रचनाही त्याचीच. ब्राझीलच्या कोरड्या मुलखातली गाणी त्यानं जुन्या युरोपी साच्यात मोठ्या हौसेनं बसवली होती. संथ भागासाठी त्यानं झुल्मिराच्या कितेरिया मावशीकडून 'इन्सेलेन्सा' मागून आणली होती. मरणाऱ्याच्या पायथ्याशी बसून बायका म्हणतात ते गाणं, बारा कडव्यांचं.

"नऊच ठेवू," तो म्हणाला. "बारा वाजवली तर लोक घरी जेवून परत येतील."

"तुझं ऐकल्यावर परत कशाला येतील?" व्हायोलावाला नेलिओ म्हणाला.

सगळे हसले. नऊ कडवी वाजवून ते थांबले आणि त्याच क्षणी आतली आईच्या श्वासाची घरघर थांबली.

झुल्मिरा धावली. आई डोळे उघडे ठेवून शांत पडली होती.

"त्या बाईला उशी दे गं," आई म्हणाली. "नुसत्या फरशीवर गुडघे टेकून बसलीय बिचारी."

खोलीत कुणीच नव्हतं. पण आई किती दिवसांनी इतकं स्पष्ट बोलली होती! झुल्मिराला आनंदानं रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी आईच्या छातीवर तीन ठिकाणी स्टेथोस्कोप टेकवला, मनगट बराच वेळ धरून ठेवलं. "मला हल्ली नीट ऐकू येत नाही," असं पुटपुटत ते कॉफीही न घेता निघून गेले. आईचे पाय गुडघ्यांपर्यंत गार होते.

तिसऱ्या दिवशी ती कमरेपर्यंत गार पडली. खाणंपिणं बंद, झोप नाही, पापणीही लवत नव्हती. आदली रात्रभर उशीचं तेवढं विचारत होती.

दुपारी कितेरिया मावशी आली. खाटेपाशी जाताना पायथ्याच्या मोकळ्या जागेला तिनं वळसा घातला.

"किती वाजवलीत?"

"नऊ."

"मेल्यांनो, अर्ध्यात सोडलंत?" मावशीनं कपाळ बडवून घेतलं. "गाणं लागलं की मरियामाता गुडघे टेकते. बारावं संपल्याशिवाय ती उठत नाही, आणि ती उठल्याशिवाय हिला जाता येत नाही. उरलेली तीन वाजव, पोरी."

"मग आई जाईल."

"ती गेलीच आहे गं. तूच वाटेत उभी करून ठेवलीयस तिला."

झुल्मिरा पुढच्या खोलीत आली. चेलो घेऊन बसली. मावशी दारात उभी राहिली.

दहावं झालं.

अकरावं झालं. मग तिचा हात उचलेना.

"नाही जमत, मावशी. राहू दे तिला. अशीच राहू दे."

मावशीनं आतल्या खोलीकडे मान वळवली.

आतून बारावं कडवं सुरू झालं. आवाज आईचाच होता, पण झुल्मिराच्या लहानपणीचा, खणखणीत. एकही शब्द न गाळता तो शेवटापर्यंत गेला. मग खाटेचा कठडा कुरकुरला आणि म्हातारं माणूस उठताना वाजतात तसे कुणाचे तरी गुडघे वाजले.

झुल्मिरा आत गेली. आईचे डोळे मिटलेले होते.

सकाळी तिनं आईच्या फुटलेल्या ओठांना मध लावला होता. तो सुकून दोन्ही ओठांवर मिळून एकच पापुद्रा झाला होता. त्याला कुठेही चीर गेलेली नव्हती.