कोऱ्या पत्त्यांची वीण

सोलापूरच्या भवानी पेठेत पंचाक्षरी यांचा हातमाग अद्याप जिवंत होता. भिंतीवर टांगावयाचे चित्रपडदे विणण्याकरिता ते स्वहस्ते पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडीत. जेथे भोक, तेथे धागा उचलला जाणार आणि नक्षी उमटणार, असा त्या विद्येचा सरळ नियम होता. निम्म्या जागेचा धनी असलेला पुतण्या अनिलकुमार तो माग मोडीत काढावयास टपलाच होता. हाती घेतलेले काम पसंत पडले तर माग राहील, अन्यथा सोमवारी जाईल, असे उभयतांत ठरले होते.

काम स्पेन देशातून आले होते. तेथील एका खेड्यात जुन्या घराची भिंत पाडताना घरमालकीण बाईंना अर्धे कुजलेले रेशमी वस्त्र सापडले. त्यामागचा इतिहास पंचाक्षरींची कन्या महेश्वरी हिने वाचून दाखविला होता. ख्रिस्ती राजांनी तो मुलूख जिंकल्यावर तेथील मुसलमान विणकरांना आरंभी राहू दिले. पुढे त्यांची भाषा बंद केली, बळाने धर्म आणि नावे बदलविली, आणि अखेर गलबतांत घालून त्यांना देशाबाहेर काढले. बाईंना ते वस्त्र नव्याने विणून हवे होते.

"चांगल्या भागाची नक्षी आरशासारखी उलटी करून कुजलेल्या भागात भरा की काका," अनिलकुमार म्हणाला. "कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. मूळ इणणारा काय थडग्यातनं उठून तपासायला येणार हाय व्हय?"

"जे मला ठावं न्हाय, ते मी इणणार न्हाय."

कुजलेल्या भागासाठी पंचाक्षरींनी एकशेवीस कोरे पत्ते ओवले. कोरा पत्ता धागा उचलीत नाही. तेथे नुसते साधे पोत येते. गेले ते गेले, असे वस्त्राने प्रामाणिकपणे सांगावे, एवढीच त्यांची इच्छा.

शनिवारी दुपारी छपराचे पत्रे तापले असता कोऱ्या पत्त्यांची पाळी आली. आता धागे उचलणाऱ्या वरच्या आकड्यांचा खडखडाट थांबावयास हवा होता.

तो थांबला नाही.

वस्त्राची दर्शनी बाजू खाली असते, म्हणून त्यांनी वाकून मागाखाली आरसा धरला. निळ्या सुताची अक्षरे उमटत होती. त्यांनी चालू पत्ता सोडवून उजेडात पाहिला. एकही भोक नव्हते. हात थांबवावा असे मनात आले. परंतु बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखे ते होईल, असे वाटून त्यांनी आडव्या सुताचा धोटा पुन्हा फेकला.

माग थांबल्यावर महेश्वरीने गल्लीत मुलांना अरबी शिकविणाऱ्या कुलसुमबींना आणले.

"हर्फां हमारेच हैं भाई, बोली हमारी नै," त्या अक्षरांवर बोट फिरवीत पुटपुटल्या. मग एकाएकी हसल्या. "मैं नै क्या, सौदे की चिट्ठी मराठी बोली में, उर्दू हर्फां में लिखती? वैसाच है ये! बोली उधर की, हर्फ अपने."

त्या अडखळत, पण आवाज चढवून वाचू लागल्या. महेश्वरीने मोबाइलवर वाचन ध्वनिमुद्रित करून स्पेनला धाडले.

सायंकाळी बाईंचा फोन आला. महेश्वरी ऐकता ऐकता रडू लागली.

"अप्पा, ही त्यांच्याच गावची जुनी बोली हाय! पहिली ओळ अशी, 'आमची नावे पुसली, आमचे सूत पुसले नाही.' आणि खाली एक्केचाळीस नावं. त्या विणकरांची खरी नावं, जी उच्चारायला बंदी होती ती. बाई म्हणतात, जिथनं त्यांना हाकललं, त्या चौकातच हे वस्त्र लावणार. सगळ्या गावासमोर नावं वाचणार!"

पंचाक्षरी ताठ उभे राहिले. ज्या राजांनी ही माणसे मिटविली, त्यांच्या सिंहासनांना जे पुसून टाकता आले नाही, ते एका हातमागाने टिकविले होते. वार्ता पेठभर झाली. अनिलकुमार पेढे घेऊन आला आणि मान खाली घालून म्हणाला, "माग हितंच राहू दे काका."

तेवढ्यात महेश्वरीला बाईंचा पुन्हा फोन आला.

"अप्पा, बाई विचारतात, वाचनाला किती माणसं जमली होती?"

"आमी तिघंच की."

"त्या म्हणतात, प्रत्येक नावामागून कुणीतरी त्यांच्या बोलीत उत्तर देतंय. 'मी इथं आहे.'"

तिने ध्वनिमुद्रण लावले. कुलसुमबींचा आवाज आला. नाव. मग एका म्हाताऱ्याचा आवाज. नाव. मग एका बाईचा.

चाळीस नावे झाली. एक्केचाळिसाव्या, शेवटच्या नावानंतर लगेच उत्तर आले नाही. कुणी स्त्री धीर दिल्यासारखे हलकेच काही कुजबुजली.

आणि मग एका लहान मुलीने लाजत उत्तर दिले.