लिनेटची फुंकर

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो क्लिफर्ड सॅमवेज माझ्या समोरच्याच घरात राहतो. भुताखेतांच्या गप्पांना हसणारा माणूस. आता हसत नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं आमचं छोटं गाव. तारीख चौदा नोव्हेंबर २०११. वेळ दुपारी चार. आमच्याकडे त्या दिवसांत चारलाच अंधारून येतं.

क्लिफला चमकीच्या दिव्यांचं वेड. उंच काचेची बाटली, आत द्रव आणि चमकी, खाली बल्ब. बल्बने द्रव तापला की चमकी वर चढते, खाली उतरते. चाळीस वर्षांपूर्वीचे असे मेलेले दिवे तो जुन्या बाजारातून, भंगारातून आणायचा आणि परसातल्या शेडमध्ये जिवंत करायचा. शेकडो केले त्याने.

फक्त एकाला हात लावला नव्हता.

तो लिनेटचा होता, त्याच्या बायकोचा. लग्नाआधी ती गावातल्या दिव्यांच्या कारखान्यात बाटल्या भरायची. भरताना बाटलीच्या तोंडाशी फेस यायचा. पोरी त्यावर फुंकर मारायच्या आणि फेस उडाला की लगेच पत्र्याचं बूच दाबायच्या, सोड्याच्या बाटलीला असतं तसं.

"गावातल्या निम्म्या दिव्यांत माझा श्वास कोंडलाय," लिनेट म्हणायची. "जपून वापरा म्हणावं!"

हा दिवा तिने स्वतः भरून लग्नात आणला होता. बुचावर खिळ्याने 'एल' कोरलेला.

लिनेटला दमा होता. १९८८ च्या चौदा नोव्हेंबरला, दुपारी, ती स्वयंपाकघरात गेली. क्लिफ शेडमध्ये होता. दार बंद, रेडिओ चालू. साडेपाचला चहा मागायला आत आला, तेव्हा ती फरशीवर पडलेली. हातात रिकामा पंप.

"हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल," डॉक्टर म्हणाले होते.

त्या एका वाक्यावर क्लिफ तेवीस वर्षं जगला. हाक आलीच नाही, म्हणजे आपण ऐकली नाही असं झालंच नाही.

त्या शनिवारी त्याची मुलगी केरी त्याला कायमचं ब्रिस्टलला नेणार होती.

"बाबा, तुझं सगळं भंगार नाही हं माझ्या घरात मावायचं," ती फोनवर म्हणाली. "पण आईचा दिवा आण. चालू करून आण. मला आठवतो तो."

"त्याचं पाणी पिवळं पडलंय गं. उघडावा लागेल."

"मग उघड की! जगाचे उघडतोस, घरचाच काय घाबरतोस?"

मूळ बूच शाबूत असलेला जुना दिवा उघडायचा नाही, असा आम्हा दिवे जमवणाऱ्यांचा नियम आहे. पण लेकीपुढे नियम कसले?

त्याने शेडचं दार लावलं. रेडिओ लावला. ओपनर बुचाखाली घातलं...

फुऽऽ.

बोटांवर हवा आली. उबदार.

शेडमध्ये थंडीने त्याच्या स्वतःच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ही हवा उबदार होती. क्लिफने बोटं पँटला पुसली. मग स्वतःलाच म्हणाला, "म्हातारा झालास लेका," आणि कामाला लागला.

जुना द्रव गाळला. नवा भरला. चमकी धुऊन परत आत सोडली. आता फक्त बूच राहिलं होतं.

तेवढ्यात रेडिओ बंद पडला.

बाहेर सीगल पक्षी ओरडत होते, तेही थांबले. इतकी शांतता की कानाला टोचावी.

आणि बाटलीतली चमकी... वर चढू लागली.

खाली बल्ब नव्हता. बाटली बाकावर नुसती उभी होती, गार. तरी चमकी वर आली. थांबली. खाली गेली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

झोपलेल्या माणसाची छाती हलते ना, तशी.

मग घराकडून आवाज आला. शिट्टीसारखा, ओढून घेतलेला श्वास. पंधरा वर्षं त्याने उशीशेजारी ऐकलेला. चमकीचा वेग वाढला. तो श्वासही वाढला. घाईघाईचा, अपुरा...

क्लिफ पार गारठला. आणि त्याच्या हातांनी तेच केलं, जे त्यांना चांगलं येत होतं. द्रवाचा वास डोक्यात जातो, बाटली उघडी ठेवायची नसते. त्याने बूच बसवायचं यंत्र ओढलं, बूच लावलं आणि दांडा दाबला.

"क्लिफ! क्लि..."

खट्.

बूच बसलं. आवाज तुटला.

तो दार उघडून धावत सुटला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. फक्त एक खुर्ची टेबलापासून ओढलेली, शेडकडे तोंड करून. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

शनिवारी केरी आली. क्लिफ गेला नाही. ती रडली, चिडली, शेवटी मला म्हणाली, "काका, तुम्ही तरी समजवा ना त्याला."

मी समजवायला गेलो. शेडचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलेलं. बोचरा वारा आत येत होता. क्लिफ दिव्यासमोर बसला होता, मांडीवर ओपनर. बाटलीतली सगळी चमकी वर, बुचाला खालून चिकटलेली. वायर कुठेच लावलेली नव्हती.

"अरे, थंडीत मरशील. केरीकडे जा."

"हिला इथं एकटीला टाकून? तिने हाक मारली होती रे तेव्हा," तो म्हणाला. "डॉक्टर मला बरं वाटावं म्हणून बोलले. तिने हाक मारली होती, आणि मी दार लावून बसलो होतो. परवाही मीच..." त्याने बुचाकडे बोट दाखवलं.

"मग उघड ना परत."

"उघडलं आणि काहीच आलं नाही तर? आणि आलं... तर ती पुढे काय म्हणेल?"

मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा झाले.

टक्.

पत्र्याच्या बुचावर. आतून.

टक्. टक्.

क्लिफने ओपनर उचललं, बुचाला टेकवलं. पुन्हा मांडीवर ठेवलं.

"रोज असंच होतं," तो म्हणाला.

मी घरी आलो. माझ्या कपाटात तिच्याच कारखान्याचे अकरा दिवे आहेत, सगळे बंद बुचाचे. त्यातले कोणते तिने भरलेत, मला माहीत नाही. चार वाजत आले की मी रेडिओ बंद करतो. दारं उघडी ठेवतो, कितीही थंडी असली तरी.