कातळबंदरची वही

डॉ. शालन कुबल यांनी पडद्यावरचा आकड्यांचा रकाना तिसऱ्यांदा खालपर्यंत नेला. केंद्र क्रमांक सतरा. नाव नाही, गाव नाही. आणि तरीही त्यांना ते केंद्र कुठलं ते कळलं होतं. कळायला नको होतं, तेच कळलं होतं.

आता हे "कळायला नको" म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर रत्नागिरीच्या कड्यावरच्या त्या किनारामापन प्रयोगशाळेत दोन शहाणी माणसं डोळ्यांना पट्टी बांधून का बसली होती, ते कुणाला कळायचं नाही.

२०४८ साल होतं. समुद्र किती चढतोय यावर राज्यात गेली दहा वर्षं नुसता शिमगा चालला होता. कायदा साधा होता. ज्या खाडीत पाणी वर्षाला चार मिलिमीटर किंवा जास्त चढतंय तिथे सरकार बांध घालणार, नवं बंदर होणार नाही. चारच्या खाली असेल तर बंदराला वाट मोकळी. झालं! बांधवाल्यांचे शास्त्रज्ञ मोजायचे तेव्हा समुद्र भरभर चढायचा, बंदरवाल्यांचे मोजायचे तेव्हा तोच समुद्र गोगलगाय व्हायचा. कुणी धादांत खोटं बोलत नव्हतं, ही त्यातली मजा. जुन्या नोंदींत दुरुस्त्या कराव्याच लागतात. पाण्यातला मोजणीचा खांब खचतो, घड्याळ मागे पडतं, यंत्र बदलतं. पण आपल्याला हवा तो आकडा आला की माणूस दुरुस्ती थांबवतो, नको तो आला की आणखी खोदत बसतो.

यावर शालनताईंनीच तोड काढली होती. विधानसभेच्या समितीपुढे त्यांनी ती समजावली तेव्हा समोर डॉ. विश्राम देवस्थळी बसले होते. एकाच वर्गात शिकलेले, एका ताटात जेवलेले, आणि आता बंदरपक्षाचे तज्ज्ञ म्हणून दूरचित्रवाणीवर शालनताईंशी भांडणारे.

"आंधळी कोशिंबीर," शालनताई म्हणाल्या होत्या. "छत्तीस केंद्रांच्या नोंदी एका यंत्रात घालायच्या. त्याला झाकणी म्हणू. झाकणी केंद्रांची नावं पुसेल. काही केंद्रांचे आकडे उलटे करील, म्हणजे भरतीची ओहोटी दिसेल. आणि दर वर्षाच्या नोंदींत एक वेगळा पूर्ण आकडा मिसळील."

"म्हणजे दुरुस्ती करताना समुद्र वर चाललाय की खाली, हे कळणारच नाही," देवस्थळी म्हणाले.

"तुलाही नाही, मलाही नाही. दोघांनी मिळून दुरुस्ती ठरवायची, सही करायची, आणि मगच झाकण उघडायचं. उघडल्यावर येईल तो आकडा."

"आणि मध्येच एखाद्याला केंद्र ओळखू आलं तर?"

"तर त्यानं त्या केंद्रापुरतं उठायचं. का, कसं, काही बोलायचं नाही. त्याची सही नाही, आणि नंतर हरकतीचा हक्कही नाही. हरकत फक्त सही करणाऱ्याची."

देवस्थळी हसले होते. "शालन, कलम तुझं आहे हं. तुझ्याच पायात यायचं."

आलंच की.

सतराव्या केंद्राच्या पहिल्या अडतीस वर्षांत एक विचित्र गोष्ट होती. दर वर्षी शेवटच्या स्थानचा एक अंक साफ गायब, आणि त्याच्या खालच्या अंकावर निम्म्या नोंदींची गर्दी. एका वर्षी चार नाही, तीनची रेलचेल. पुढच्या वर्षी नऊ नाही, आठच आठ.

"अगं, हे बघ गंमत," शेजारच्या खुर्चीवरून देवस्थळी म्हणाले. "लाटांत खांब वाचताना माणूस गोल आकड्याकडे झुकतो. निम्मी वाचनं शून्यावर पडतात, हे सगळीकडे आहे. पण या पठ्ठ्यानं शून्य एकदाही लिहिलेलं नाही! झाकणीच्या मिसळीमुळे त्याचं शून्य आपल्याला कधी चार दिसतं, कधी नऊ. आणि त्या जागी तो शेजारचा अंक लिहितोय. सरासरी अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला. ही चूक सुधारायला हवी."

शून्य न लिहिणारा माणूस शालनताईंनी एकच पाहिला होता. अंगणात मांडी घालून, वही गुडघ्यावर ठेवून दिवसाची नोंद पक्की करणारा. कातळबंदरच्या भरती मोजण्याच्या खोलीचे नोंदकार धाकू कुबल. त्यांचे वडील, आबा.

"आबा, खांबावर एकशेचाळीस होतं, तुम्ही एकशेएक्केचाळीस का लिहिलंत?" सात वर्षांच्या शालूनं विचारलं होतं.

"शून्यार थांबूचा नाय, चेडवा. आहेर शंभराचो करतत काय? एकशेएकाचो करतत. दर्याक शून्य दाखयलंस तर तो तुका शून्यच दाखवतलो."

नवससायास करणारा भोळा माणूस! आणि याच आबांच्या वहीवर बंदरपक्षानं अख्खी निवडणूक लढवली होती. कातळबंदरला त्यांना गोदी हवी होती, आणि आड येत होती ती वही. "म्हाताऱ्यानं गाव वाचवायला जुने आकडे दाबून लिहिले, म्हणून समुद्र चढलेला दिसतो," असं बंदरपक्षाचे नेते मोंडकरभाई गावोगाव सांगत फिरले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आबांनी तेव्हापासून बाजारात जाणं सोडलं होतं.

पण खरी मेख पुढेच होती. आबा शून्याचा एक करत, म्हणजे वरचा अंक. पडद्यावर मात्र गर्दी खालच्या अंकावर होती. म्हणजे झाकणीनं हे केंद्र उलटं केलं होतं! शालनताईंच्या डोक्यात हिशेब लख्ख झाला. आबांनी जुने आकडे दाबले नव्हते, चढवले होते. जुनं पाणी खऱ्यापेक्षा उंच लिहिलं गेलं, म्हणून पुढची चढण कमी दिसत होती. देवस्थळींची दुरुस्ती लागू झाली की कातळबंदरचा आकडा वर जाणार. चारच्या काठावर घुटमळणारा तो आकडा कदाचित पलीकडे जाणार. आणि विश्रामला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो आपण होऊन सही करायला बसला होता.

फक्त गप्प बसायचं होतं. खाली सही करायची होती, बस्स. गाव वाचणार होतं, आबांचं नाव धुऊन निघणार होतं. कोण विचारणार होतं?

मग त्यांना स्वतःचाच राग आला. दहा वर्षं आपण बंदरवाल्यांच्या नावानं ठणाणा करतोय, की हे उत्तर बघून गणित करतात. आणि आज उत्तर आपल्या मुठीत आहे, तर मूठ झाकून बसायचं? मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय राहिला?

खुर्ची मागे सरकवून त्या उठल्या.

"विश्राम, सतराव्या केंद्रापुरती मी बाहेर."

देवस्थळींच्या कपाळावर आठ्या चढल्या. "ओळखलंस?"

"बोलता येत नाही."

"शालन, अगं विचार कर. हे कुठलंही केंद्र असेल. तू गेलीस तर मी एकटाच ठरवणार. मी बंदरपक्षाचा माणूस आहे, हे तरी ध्यानात आहे ना? आता मला ही दुरुस्ती नकोशी वाटली तर?"

"मग नको करूस," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली आणि दार ओढून घेतलं. बाहेर कठड्याशी उभ्या राहून त्या खूप रडल्या, हेही सांगायला हवं. आपण गाव बुडवलं असंच त्यांना वाटत होतं.

आत देवस्थळी दोन दिवस एकटे बसले. दुरुस्ती केली तर आकडा कुठे जाईल हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मोंडकरभाईंचे चार फोन आले, ते त्यांनी उचलले नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारला. चूक दिसतेय की नाही? दिसतेय. मग ती सुधारायची. त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी विधानभवनाच्या सभागृहात झाकण उघडलं. एकेका केंद्राचं नाव आणि आकडा भिंतीवर उमटू लागला. सतरावं आलं तेव्हा शालनताईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना आधी ऐकू आला तो नुसता गलका.

कातळबंदर. उलटं केंद्र. दुरुस्तीपूर्वी तीन पूर्णांक त्र्याण्णव. दुरुस्तीनंतर चार पूर्णांक शून्य पाच.

मोंडकरभाई ताडकन उठले. "ही लबाडी आहे! त्या म्हाताऱ्याची मुलगी समितीत होती. मुलीनं बापाच्या गावाचा आकडा वर चढवला!"

"त्या या केंद्रावर नव्हत्या," देवस्थळी जागेवरूनच म्हणाले. "ओळखल्याबरोबर उठून गेल्या. दुरुस्ती माझी आहे. एकट्याची."

मोंडकरभाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"आणि भाई, हेही ऐका," देवस्थळी पुढे म्हणाले. "कुबलांच्या वहीत चूक होती, खरी गोष्ट आहे. पण तिच्यामुळे समुद्र कमी चढलेला दिसत होता. तुमच्या बाजूनं दिसत होता. अडतीस वर्षं तो माणूस ऊनपाऊस न बघता खांब वाचत राहिला, आणि त्याच्या हातून झालेली एकुलती एक चूक त्याच्याच गावाच्या विरुद्ध गेली. असा खोटारडा मी तरी पाहिला नाही."

शालनताईंना हुंदका आवरेना. पण मान ताठ होती. आबांची लेक म्हणून इतका अभिमान त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर विश्रामचाही वाटला.

मोंडकरभाई खाली वाकून देवस्थळींच्या कानाशी काहीतरी निकरानं बोलत होते. अध्यक्षांनी कायद्याचं पुस्तक पुढे ओढलं.

"कलम नऊ," ते म्हणाले. "केंद्राच्या आकड्यावर हरकत घेण्याचा हक्क फक्त सही करणाऱ्यांना. डॉ. कुबल यांनी सही केलेली नाही, त्यांना हक्क नाही. सदस्यांनाही नाही. या केंद्रावर सही एकाचीच आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉ. देवस्थळी, आपली हरकत?"

त्या दिवशी शालनताई गप्प बसून सही करत्या, तर बापाच्या वहीवर लेकीची सही म्हणून या आकड्याच्या वर्षभर चिंध्या झाल्या असत्या. आता त्याला हात लावू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो बंदरपक्षानं स्वतः निवडून पाठवला होता.

देवस्थळींनी भाईंचा हात खांद्यावरून हलकेच बाजूला केला आणि उठून उभे राहिले.

"माझी हरकत नाही," ते म्हणाले.