गव्याचा ब्रेक मऊ का पडला?

सुप्याच्या माळावरच्या ट्रॅकवर धुळीचा लोट उठला आणि शाल्मलीने कठडा घट्ट धरला. निलांबरीआत्याची गाडी शेवटच्या वळणावर वळलीच नाही. ती सरळ पुढे गेली आणि ट्रॅकबाहेरच्या मऊ वाळूत रुतून थांबली.

दार उघडलं. आत्या हेल्मेट काढत बाहेर आली, तिने हात हलवला, तेव्हा कुठे शाल्मलीचा जीव भांड्यात पडला.

आत्या विजेवर धावणाऱ्या गाड्या तयार करायची. ही गाडी वेगवान होती, पण भल्यामोठ्या बॅटरीमुळे वजनाने जबरदस्त होती. म्हणूनच कारखान्यात सगळे तिला 'गवा' म्हणत. उद्या तिची पहिली लांब पल्ल्याची शर्यत होती.

"काय झालं गं आत्या?"

"ब्रेकने दगा दिला. सुरुवातीच्या फेऱ्यांत झकास लागत होता. मग एकदम पेडल मऊ पडलं. लोण्यात पाय घातल्यासारखं थेट तळाला गेलं!"

गाडी ओढून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत आणली. तिथल्या यंत्रमानवाचं नाव होतं पान्या. त्याने आपले लांब हात चाकांमागे घालून एकेक भाग तपासला.

"गळती नाही. तुटफूट नाही. पेडल घट्ट आहे," पान्याने जाहीर केलं.

आत्याने आत बसून पेडल दाबलं. खरंच, ते पुन्हा घट्ट झालं होतं.

"म्हणजे मला काय भास झाला?" आत्या वैतागली. "गेल्याच महिन्यात मोठ्या डिस्क बसवल्या. पॅडही उष्णता सोसणारे घातले. तरीही पॅडच तापून घसरत असणार. आणखी कडक पॅड लावू या."

शाल्मली खाली वाकून चाकाकडे बघत होती. चाकाबरोबर फिरणारी चकचकीत लोखंडी चकती, म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतात आणि चाक थांबतं, एवढं तिला ठाऊक होतं.

"आत्या, पावसात माझ्या सायकलचा ब्रेक नीट लागत नाही," ती म्हणाली. "रबर घसरतं ना. पण तेव्हा हातातला ब्रेक घट्टच लागतो. मऊ नाही पडत. मग पॅड घसरले तर तुझं पेडल मऊ कसं पडेल?"

 आत्या शाल्मलीशेजारी येऊन जमिनीवरच बसली.

"बरोबर आहे तुझं. मी भलतीकडेच बघत होते. माझा पाय आणि तो पॅड, यांच्या मधे काय असतं सांग?"

"नळी?"

"आणि नळीत ब्रेक ऑइल. मी पेडल दाबते, ऑइल पुढे ढकललं जातं आणि ते पॅडला ढकलतं. पान्या, ग्रीस भरायची ती नवी पिचकारी दे रे. सुई नको."

शाल्मलीने पिचकारीत पाणी भरलं, तिच्या टोकावर बोट दाबलं आणि दट्ट्या ढकलला. तो जागचा हलेना. मग आत्याने सांगितल्याप्रमाणे तिने थोडं पाणी काढून आत हवेचा बुडबुडा घेतला. आता दट्ट्या सहज आत गेला आणि सोडल्यावर उसळून मागे आला.

"मऊ पडला!" शाल्मली ओरडली. "पाणी दबत नाही, हवा दबते. म्हणजे ऑइलमध्ये बुडबुडे झाले होते! पण गळती नाही, तर हवा शिरली कुठून?"

"हवाच असायला हवी असं नाही," आत्या म्हणाली. "पान्या, वाळूत थांबलो तेव्हा डिस्क किती तापली होती?"

"सहाशे अंशांच्या पुढे. पाण्याचा थेंब पडला असता तर तडतडला असता."

शाल्मलीच्या डोळ्यांपुढे चहाचं आधण आलं. तळातून वर येणारे बुडबुडे. "ऑइल उकळलं! ती वाफ होती! आणि गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल झालं, म्हणून पान्याला काही सापडलं नाही!"

पान्याने लगेच नळीतला थेंब तपासला. त्याच्या छातीवरचा दिवा पिवळा झाला. "ऑइल जुनं आहे. त्याने हवेतली ओल शोषली आहे. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू (ज्या तापमानाला द्रव उकळतो ते तापमान) बराच खाली आला आहे."

"बाकी सगळं बदललं आणि हेच राहिलं," आत्याने कपाळाला हात लावला.

"पण एवढी उष्णता येते कुठून?"

"पळणाऱ्या गाडीत गतिज ऊर्जा (हलणाऱ्या वस्तूच्या अंगची ऊर्जा) असते. गाडी थांबली तरी ती नाहीशी होत नाही. थोडी मोटारच बॅटरीत परत पाठवते. पण जोरात ब्रेक मारला की उरलेली घर्षणातून उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते आणि पॅडमधून ऑइलपर्यंत पोचते. वजन दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. वेग दुप्पट झाला तर मात्र ऊर्जा चौपट! रस्त्यावर डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर एक वळण संपलं की दुसरं हजर."

"मग डिस्कला वारा घालू या ना!"

आत्या हसली. "तेच करायचंय. पण बेताबेताने. आधी करून बघू. भरवसा वाटला नाही तर उद्या शर्यत नाही."

पान्याने जुनं ऑइल काढून, जास्त उत्कलनबिंदूचं ताजं ऑइल भरलं. आत्याने पुढच्या जाळीपासून प्रत्येक पुढच्या डिस्कच्या मध्यापर्यंत एकेक रुंद नळी बसवली. डिस्क आतून पोकळ होती. मध्यातून शिरलेली हवा फिरत्या डिस्कमधून कडेने बाहेर फेकली जाणार होती, जाताना उष्णता घेऊन.

उन्हं कलताना गवा पुन्हा ट्रॅकवर उतरला. शाल्मली पान्याच्या पडद्यावरचे डिस्कच्या तापमानाचे आकडे बघत होती. चढले, उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. शेवटच्या वळणाशी प्रत्येक वेळी गवा नाक खाली करून मुकाट्याने वळायचा.

"पेडल दगडासारखं घट्ट!" रेडिओवर आत्याचा आवाज आला आणि शाल्मलीने पान्याच्या लोखंडी हातावर टाळी दिली. हात चांगलाच झणझणला.

दुसऱ्या दिवशी गवा पहिला आला नाही, पाचवा आला. पण अखेरच्या फेरीतही ब्रेक पहिल्या फेरीसारखाच लागला. आत्याला त्याचाच आनंद जास्त झाला होता.

 परतीच्या वाटेवर शाल्मली म्हणाली, "आत्या, चंद्रावरच्या वसाहतीत आता गाड्या जाणार आहेत ना? तिथे तर हवाच नाही. मग डिस्क गार कोण करणार?"

आत्याने गाडी हळूच कडेला घेतली आणि थांबवली.

"तापलेली वस्तू हवेशिवायही थोडी उष्णता बाहेर टाकते," ती विचार करत म्हणाली, "उन्हाची ऊब आपल्यापर्यंत पोचते ना, तशी. पण तेवढ्याने भागेल का, मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"अजून कुणालाच नसेल कदाचित," आत्या म्हणाली. "सांग, सुरुवात कुठून करायची?"