तळ्याला लागलेली तहान

"माझं तळं कोणीतरी चोरतंय!" घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा दारातूनच ओरडले. "रोज वीतभर!"

गल्लीतली गुप्तहेर घारताई ताडकन उठली. नजर घारीची, म्हणून नाव घारताई. तिच्या मदतनीस मामेभावाचं नाव डुलक्या का पडलं, ते त्याने तेवढ्यात जांभई देऊन स्वतःच सांगितलं.

"अहो, वीतभर पाणी कोण नेईल?"

"ते तू शोध, पोरी! संध्याकाळी मुरमाचा ट्रक येतोय. गळती सापडली नाही तर तळं बुजवायचं, असं मुलाने ठरवलंय. माझी कमळं, माझे मासे, सगळं मुरमाखाली!"

आजोबांच्या घराला नवंकोरं फाटक होतं. हत्ती जाईल एवढं रुंद! आत मात्र एक सायकल, आणि समोर थेट तळं. ओसरीवर जुन्या स्क्रूंच्या बरण्या.

डुलक्या वर बघत चालला आणि कपड्यांच्या दोरीत अडकला. चिमटे खळकन सांडले.

"डोळे आहेत की बटणं?" सून धावत आली.

डुलक्या चिमटे काळ्या, बारीक जाळीच्या टोपलीत भरू लागला. घारताईने टोपलीच्या बुडावर बोट फिरवलं. वाळलेला चिखल.

"या घरात काही टाकायची सोयच नाही," सून फणकारली. "जुना स्क्रू ठेवतात, तशी ही टोपली. आणि ते तळं! डास, बेडूक, शेवाळ! आजच बुजवा. पण पाणी मी नाही हं सोडलं. मी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही."

"हीच ती," डुलक्या कुजबुजला.

मुलगा नळी धरून तळं भरत होता. बोलणं कसं, साखरेच्या पाकातलं.

"बाबांसाठी एवढं तरी करायला नको? दोष त्या रोपवालीचा, नको ती रोपं गळ्यात मारली. मी आपली आणली आणि टोपल्यांसकट पाण्यात ठेवली. एकही रोप टोपलीबाहेर काढलं नाही."

"फाटक एवढं रुंद कशाला?"

"वारा येतो छान."

दोघं रोपवाटिकेत गेली. रोपवाली बाई ऐकूनच भडकली. "माझ्या नावाने खडे फोडतो? मी तळं बघून रोपं निवडली! मधे कमळ, काठाला लव्हाळा, कोपऱ्यात बोरू. बोरूचे कोंब सुईसारखे. टोपलीत असला तर गरीब गाय. मोकळा सोडला तर पाणी मुरू नये म्हणून तळाला अंथरलेलं प्लास्टिक भोसकतो. दोनदा बजावलं होतं!"

"आजोबांना?"

"ते कुठे आले होते? मुलाला!"

तिच्यामागे काळ्या, बारीक जाळीच्या टोपल्यांची उतरंड होती.

दोघं परतली तेव्हा ट्रक फाटकात घुरघुरत होता. "थांबा!" म्हणत घारताईने कपड्यांची काठी उचलली आणि तळ्यातलं एकेक रोप ढोसलं. लव्हाळा टोपलीसकट सरकला. कमळही सरकलं. कोपऱ्यातला बोरू मात्र ढिम्म!

"उपट, डुलक्या."

डुलक्याने जोर लावला आणि बोरू घेऊन चिखलात उताणा पडला. मुळांना टोपली नव्हती. कोंबांत प्लास्टिकच्या चिंध्या होत्या.

"म्हणजे सूनबाईंनी—" डुलक्या चिखलातूनच म्हणाला.

"बोरू भोसकतो हे त्यांना माहीतच नव्हतं," घारताई म्हणाली. "ते एकालाच सांगितलं होतं, आणि रोपंही त्यानेच लावली. पहारीने भोक पाडलं असतं तर लगेच कळलं असतं. म्हणून महाशयांनी ते काम गवताला दिलं. फाटक वाऱ्यासाठी नाही, गाडीसाठी आहे. ती उभी राहणार तळ्याच्या जागी. फक्त रिकामी टोपली फेकवली नाही. घरचं वळण! वहिनी, चिमट्यांची टोपली कोणी दिली?"

सून हळूहळू नवऱ्याकडे वळली. "तुम्ही. आणि मला म्हणालात, अडगळीत सापडली."

मुलाच्या हातातली नळी त्याच्याच चपलांवर वाहत राहिली. आजोबांनी जाऊन ट्रकवाल्याला हात हलवून परत पाठवलं आणि फाटकाची कडी लावली.

सुनेने टोपली उपडी केली, चिमटे खाली ओतले आणि ती सासऱ्यांच्या हातात दिली.

"घ्या बाबा. प्लास्टिकला ठिगळ लावून झालं की बोरू यात बसवा."

"आणि तुझे चिमटे गं?"

"ते ना?" सून नवऱ्याकडे बघत म्हणाली. "ह्यांच्या कानांना लावते. वारा छान येतो तिथे."