पान्हाबोल

तिसऱ्या कप्प्यातला कर्णा घुरघुरला तशी अकरा पिल्लं धडपडत तांबडी नावाच्या डुकरिणीच्या कासेला भिडली. बारावं, सगळ्यात बारकं, कोपऱ्यातच लोळत राहिलं. त्याची नोंद ‘बहिरं’ अशी होती.

कर्ण्याला सगळे पान्हाबोल म्हणत. डुकरीण पान्हा सोडताना एका लयीत घुरघुरते आणि दूध वाहतं जेमतेम वीस सेकंद. म्हणून हे यंत्र दर चाळीस मिनिटांनी दुसऱ्याच एका डुकरिणीचा तसाच आवाज काढी. पिल्लं वेळेवर जमत, भराभर वजन धरत. तांबडीची मात्र तीन दिवस नुसती वाळत चालली होती.

“कासेवरची पट्टी दूध शून्य दाखवतेय,” डॉक्टर अन्वया म्हणाली. “आटली ती, हौसामावशी. तासाभरात कत्तलीची गाडी येईल.”

डुकरांची राखण करणारी हौसा तांबडीच्या आड येऊन उभी राहिली. गाडी तिला नवी नव्हती, पण तांबडीला तिने बाटलीनं वाढवलं होतं. “आटली न्हाई, बाई. पान्हा चोरतीया.”

“ते गाईम्हशींचं. डुकरीण कशाला चोरेल?”

“कर्ण्यातली बया हिची कोण लागती? परक्या आवाजाला कुनाला पाझर फुटतोय?”

अन्वया नको नको म्हणत असतानाच हौसानं सगळ्या कर्ण्यांचा एकच खटका ओढून ते बंद केले. मग गुडघे टेकून ती कास चोळत बसली. “सोड गं, माझी बाय ती!”

अर्धा तास गेला. फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला आणि त्याच वेळी तांबडी घुरघुरली. आधी सावकाश, मग भरभर.

“आलं! दूध आलं!” अन्वया ओरडली.

पण पिल्लं उठेनात. हौसानं दोघांना उचलून सडाला लावलं, तर ती तोंड फिरवून मुक्या कर्ण्याखाली जाऊन बसली. फक्त ते बारकं, बहिरं ठरवलेलं, फरफटत आलं आणि आईला लुचलं.

वीस सेकंद सरले.

“गाडी परत पाठवते,” अन्वया पुटपुटली. तिचा हात खटक्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. कर्णा लावला तर तांबडी पान्हा चोरणार, न लावला तर पिल्लं उपाशी.

तेवढ्यात शेजारच्या कप्प्यांतून एकेक डुकरीण घुरघुरू लागली. एकाही कप्प्यात पिल्लांची धावपळ ऐकू येईना.

हौसाचे डोळे भरून आले. “डॉक्टरीणबाई, दूध तर आलं. पर आई कोण, हे ह्यास्नी आता कुनी सांगायचं?”